पंचफुलाचा परिच्छेद

९ जुलै १९७३, सोमवार

पंचेचाळीस वह्या तपासल्या. चव्वेचाळीस गायी निघाल्या. विषय दिला होता 'माझ्या आसपासचा एक प्राणी', आणि चव्वेचाळीस जणींनी एकाच गाइडातली एकच गाय उतरवून आणली. चार पाय, दोन शिंगं, दूध, शेण, शेणानंतर भारतीय संस्कृती, संस्कृतीनंतर परत शिंगं. एकीने शेवटी 'म्हणून आपण झाडे लावली पाहिजेत' असं लिहिलंय. वाचता वाचता मला खरोखर मळमळायला लागलं. या मुली दोन वर्षांनी डी.एड. होऊन जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवणार. म्हणजे ही गाय आणखी पस्तीस वर्षं मरत नाही.

पंचेचाळिसावी वही पंचफुलाची. काटोलकडच्या खेड्यातली, सव्वीस वर्षांची, वर्गात सगळ्यांत मोठी. नवऱ्याने टाकल्यावर भावाने शिकायला पाठवलंय असं ऐकते. तिने होस्टेलमागच्या डुकरांवर लिहिलंय: 'डुक्कर काहीबी खाते म्हणतात. पण आमच्या मेसचं उरलेलं टाकलं तं ते हुंगते आन् निघून जाते.' बस, एवढंच. आणि तेही डुकरं! मी लाल शाईने 'काहीबी', 'तं', 'आन्' खोडलं आणि शेरा दिला: विषय निवडताना अभिरुची ठेवावी.

आज ठरवलं. यांना परिच्छेद शिकवायचा. पहिलीच्या मुलांना उजळणी शिकवतात तसा, एकेक पायरीने.

१३ जुलै, शुक्रवार

पायऱ्या फळ्यावर लिहून दिल्या. पहिली मुख्य वाक्य: मला काय म्हणायचंय ते एका दमात. दुसरी खुलासा. तिसरी पुरावा: काय पाहिलं, कधी, किती वेळा. चौथी शेवट: मग आता काय. एका परिच्छेदात एकच गोष्ट, दुसरी आली की नवा परिच्छेद. पंधरा दिवस फक्त पहिली पायरी चालेल. कुणी दुसरं वाक्य लिहिलं तर वही परत.

वर्गात कुजबुज. उमरेडची देवकी म्हणाली, "बाई, एका वाक्यात मार्क कसे भेटतीन?" या मुलींना मार्कांपलीकडे काही दिसतच नाही. मग पंचफुला उभी राहिली. "बाई, मुख्य वाक्य खरं पायजे का नुसतं चांगलं पायजे?"

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "मुद्द्याचं पाहिजे." ती खाली बसली, पण तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

२ ऑगस्ट, गुरुवार

मुख्य वाक्यांचा उकिरडा झालाय. 'वेळ अमूल्य आहे.' 'विद्या हे धन आहे.' मी देवकीला विचारलं, वेळ अमूल्य आहे हे तू कुठे पाहिलंस? म्हणाली, "गाइडात." तिच्या चेहऱ्यावर जरासुद्धा लाज नव्हती.

घरी वह्या घेऊन बसले की आई म्हणते, "किती वाचशील वं? डोये जातीन." प्रताप नगरातल्या या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. आईच्या बोलण्यातलं ते 'मले-तुले' मी बी.ए.ला असतानाच जिभेवरून पुसून टाकलं. म्हणूनच मागच्या वर्षी मला या विद्यालयात घेतलं, तेव्हा प्राचार्य मनोहररावांनी सगळ्या स्टाफसमोर सांगितलं, "प्रेमिलाबाईंचं मराठी नागपुरात कुठे ऐकायला मिळायचं नाही." नोकरी टेंपररी असली तरी असं कौतुक करणारा माणूस वर असला की बरं वाटतं. बाकी स्टाफरूममध्ये बसायचं म्हणजे पानाच्या पिचकाऱ्या आणि बदल्यांच्या गोष्टी.

१८ सप्टेंबर, मंगळवार

आज वही तपासताना पहिल्यांदाच शिसारी आली नाही. विषय होता 'एस.टी. स्टँड'. पंचफुलाने लिहिलं: 'काटोलच्या गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला कुणी खरं सांगत नाही. खिडकीवरचा माणूस दहा मिनिटं म्हणतो, कंडक्टर पाच म्हणतो. रविवारी मी सव्वा तास उभी होते आणि तेवढ्या वेळात दहा मिनिटं सात वेळा झाली. म्हणून म्हाताऱ्या बाया विचारतच नाहीत, गाडी दिसेपर्यंत बसून राहतात.'

चारही पायऱ्या जागच्या जागी. पुरावा मोजून दिलेला. एकही 'ले' नाही, एकही 'तं' नाही. मी तीनदा वाचलं आणि वर्गात वाचून दाखवलं. तास संपल्यावर ती स्टाफरूमच्या दाराशी आली. "बाई, जमून राहिलं का?"

"जमतंय म्हण."

"जमतंय," ती म्हणाली आणि तिथेच उभी राहून वहीच्या मागच्या पानावर तो शब्द लिहून घेतला.

हिच्यावर मेहनत घ्यायला हरकत नाही. वर्षाच्या शेवटी प्राचार्यांना हिची वही दाखवीन.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीची सुटी संपून तीन आठवडे झाले, तरी मुली मरगळलेल्या. होस्टेलमधल्या नऊ जणी आजारी होत्या, आजही वर्ग अर्धा. मेसची काहीतरी कुरकुर आहे. मेस प्राचार्यांचे मेहुणे रुपराव चालवतात. माणूस हसतमुख आहे, दसऱ्याला सगळ्या स्टाफच्या घरी मिठाई पाठवली होती. मुली जिन्यात मला गराडा घालून एकदम बोलायला लागल्या, कोण काय म्हणतेय काही कळेना. त्या गलबल्याचाच मला तिटकारा आला. म्हटलं, "असं कावळ्यांसारखं ओरडू नका. काय म्हणायचंय ते पायऱ्यांनी लिहून आणा." मग वर्गात विषयच देऊन टाकला: 'आमचे वसतिगृह'.

पंचफुलाचा परिच्छेद इथे उतरवून ठेवते. नमुना म्हणून पुढच्या बॅचला दाखवता येईल.

'आमच्या वसतिगृहातलं जेवण माणसाने खाण्याजोगं नाही. ते शिळं किंवा बेचव असतं ही आमची तक्रार नाही; ते सडलेलं असतं. सुटीनंतरच्या एकवीस दिवसांत सतरा दिवस डाळीत अळ्या निघाल्या, त्या आम्ही कागदाच्या पुड्यांत ठेवल्या आहेत आणि प्रत्येक पुडीवर तारीख टाकली आहे. रेशनच्या मिलो ज्वारीच्या पिठाला घासलेटचा वास येतो, कारण पोतं आणि डबा एकाच कोपऱ्यात आहेत. नऊ मुलींना जुलाब झाले, देवकी पाच दिवस दवाखान्यात होती. आम्ही चांगलं जेवण मागत नाही, साफ जेवण मागतो.'

दहापैकी आठ दिले. दोन कापले ते 'अळ्या' या शब्दाचे. त्याऐवजी 'किडे' किंवा नुसतं 'अस्वच्छता' चाललं असतं. जेवताना तो शब्द आठवला आणि मी ताट सारलं.

वही परत देताना तिने विचारलं, "बाई, मग याचं पुढे काय?"

"पुढे काय म्हणजे? जपून ठेव. परीक्षेत वसतिगृहावर निबंध येऊ शकतो."

८ डिसेंबर, शनिवार

आजचा दिवस चांगला गेला. असे दिवस माझ्या वाट्याला थोडेच येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

दुपारी मनोहररावांनी बोलावलं. समोर खुर्ची दिली, चहा मागवला. टेबलावर एक कागद होता. मेसविरुद्ध एक निनावी पत्र शिक्षण खात्याच्या कचेरीत गेलं होतं, खाली फक्त 'सर्व विद्यार्थिनी'. खुलाशासाठी ते त्यांच्याकडेच परत आलं. मला वाटलं चिडलेले असतील, पण ते शांत होते.

"प्रेमिलाबाई, तुम्ही भाषेच्या जाणकार. जरा बघा. हे आपल्या मुलींनी लिहिलं असेल? मला तर नाही वाटत. बाहेरच्या कुण्या वकिलाने लिहून दिलंय. आपल्या मुलींना दोन वाक्यं धड जोडता येत नाहीत."

मी वाचायला लागले आणि पहिल्याच वाक्याला ओळखलं. अक्षर बदललेलं होतं, उलट्या हाताने लिहिल्यासारखं वाकडं. पण परिच्छेद माझा होता. शब्द न् शब्द तोच, 'अळ्या'सुद्धा. मी म्हटलं, "सर, हे वकिलाचं नाही. वकील असं लिहूच शकत नाही." त्यांची पेन्सिल घेऊन मी त्यांना पायऱ्या दाखवल्या: हे मुख्य वाक्य, हा खुलासा, इथून पुरावा सुरू, हा शेवट. पाच महिन्यांची मेहनत आहे ही.

"वा!" ते म्हणाले. "म्हणजे आता सगळा वर्ग असं लिहितो?"

"सगळा कसला! चारही पायऱ्या अशा फक्त एकीलाच जमतात. पंचफुलाला."

"पंचफुला," त्यांनी म्हटलं आणि मान डोलावली. "तुमच्या हाताला यश आहे, बाई. पुढच्या वर्षी तुम्हाला कायम करायचं बघू." चहाबरोबर बिस्किटंही आली होती.

आईला सांगितलं. तिला यातलं काय कळणार.

१० डिसेंबर, सोमवार

पंचफुलाचं नाव विद्यालयातून कमी केलं.

सकाळी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर शिपायाने तिची पेटी होस्टेलमधून आणून व्हरांड्यात ठेवली. मनोहररावांनी शिस्तभंग, संस्थेची बदनामी, असं काहीतरी वाचलं. भाषा अत्यंत गचाळ होती, एका वाक्यात चार वेळा 'सदरहू'. बाकीच्या मुलींनी माना खाली घातल्या. ज्या चव्वेचाळीस जणींच्या वतीने तिने लिहिलं, त्यांतली एकही बोलली नाही. मेंढरं! मला त्यांचा असा राग आला की दिवसभर मी कुणाकडे पाहिलं नाही.

पंचफुला जाताना माझ्यापाशी थांबली. मला वाटलं रडेल, पाया पडेल. ती म्हणाली, "माझा भाऊ आता पुन्हा धाडणार नाही बाई," आणि पेटी डोक्यावर घेऊन गेली.

मी फक्त भाषेबद्दल मत दिलं होतं. त्याचा त्यांनी काय उपयोग केला याला मी काय करणार?

११ डिसेंबर, मंगळवार

जेवताना आईने विचारलं, "काहून वं प्रेमिला, घास फिरवून राहिली नुसती?"

मी सगळं सांगितलं. पत्र, पायऱ्या, पेन्सिल, सगळं. आई ऐकत होती. मग म्हणाली, "मंग त्या डाळीत अळ्या होत्या का नव्हत्या?"

"मला काय माहीत?"

"तू पाह्यलं नाही?"

"आई, प्रश्न तो नाहीये."

"मंग कोनता हाये?"

मी उठून हात धुतले.

१२ डिसेंबर, बुधवार

दुपारी होस्टेलच्या मेसमध्ये गेले. दीड वर्षात पहिल्यांदा. रुपराव नव्हते, स्वयंपाकीण चूल सारवत होती. डाळीचं पोतं कुठंय विचारलं तर तिने हातानेच दाखवलं. मी पोत्याचं तोंड उघडलं. वरची डाळ हलत होती. मला आधी वाटलं माझा हात लागून हलतेय, म्हणून मी हात काढून घेतला. तरी हलत होती. बाजूलाच मिलोचं पोतं, त्याला टेकून घासलेटचा डबा, पोत्याचा खालचा भाग ओला.

"हेच रांधता?" मी विचारलं.

"दुसरं कोनतं रांधू? हेच आनून टाकते ते." ती म्हणाली. "चाळून घेतो ना बाई. जेवढ्या निघतात तेवढ्या काढतो."

मी मोरीपाशी जाऊन ओकले. स्वयंपाकिणीने तांब्याभर पाणी दिलं, आणि ते पिताना मला त्या पाण्याचीही किळस आली. पण त्याहून जास्त किळस आली ती दहापैकी दिलेल्या आठ मार्कांची. मी त्या पोत्यावर स्वल्पविराम तपासत बसले होते.

संध्याकाळी मनोहररावांनी निरोप पाठवला: खात्याला खुलासा पाठवायचाय, पत्र एकट्या पंचफुलाने लिहिलं आणि इतर मुलींची काही तक्रार नाही, असा एक परिच्छेद लिहून द्या. तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

१६ डिसेंबर, रविवार

तीन दिवस लिहीत होते. मनोहररावांना नव्हे, परस्पर खात्याला. तो कागद घेऊन आज काटोलच्या गाडीत बसले. पाठवण्याआधी पंचफुलाला दाखवायला हवा असं वाटलं. खरं म्हणजे तिने वाचून 'जाऊ द्या बाई' म्हणावं असं वाटत होतं.

काटोलहून पुढे दोन कोस बैलगाडीने. ती दुसऱ्याच्या बागेत संत्री निवडत होती. चांगली पेटीत, डागी बाजूला, मधे वाळलेलं गवत. तिचा भाऊ देवराव पेट्यांना खिळे ठोकत होता. त्याने मला बसायलाही सांगितलं नाही.

"नाव कटलं तं कटलं," तो म्हणाला. "सहा महिने हातचं मानूस सोडून मी तिले धाडलं. आता कायले आल्या तुमी?"

पंचफुलाने पदराला हात पुसले, कागद घेतला आणि उभ्यानेच वाचला. पहिलं वाक्य होतं, 'वसतिगृहाच्या भोजनव्यवस्थेत काही त्रुटी निदर्शनास आल्या आहेत.' ती वाचत खाली गेली, परत वर आली.

"बाई, याच्यात अळ्या कुठं हायेत?"

मी पर्सची कडी उघडमीट करत राहिले.

"आन् हे मुख्य वाक्य तुमी सहाव्या नंबरवर काहून टाकलं?" तिने बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, 'सदर पत्राच्या लेखिकेची ओळख माझ्याकडून अनवधानाने पटवली गेली.'

"अनवधानानं म्हंजे?"

"म्हणजे लक्ष नव्हतं तेव्हा. चुकून."

"लक्ष होतं तुमचं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सरांनी मले सांगितलं ना. म्हणे तुझ्या बाईनं पेन्सिल घेऊन दाखवलं, मोठ्या खुशीनं. ते हासून राहिले होते सांगताना."

देवरावाची हातोडी थांबली. मला तिचा राग आला, खोटं कशाला लिहू, क्षणभर असं वाटलं की कागद हिसकावून घ्यावा आणि पहिल्या गाडीने परत जावं. चुका काढायचा हक्क माझा होता, आधीच्या शाळा धरून गेली चौदा वर्षं.

मी रिकाम्या पेटीवर बसले आणि पर्समधला कोरा कागद काढला. पहिलं वाक्य लिहिलं: 'आठ डिसेंबरला मी प्राचार्यांना पंचफुलाचं नाव सांगितलं, कारण मला माझ्या शिकवण्याची शेखी मिरवायची होती.' दुसरं: 'तिने पत्रात लिहिलेलं सगळं खरं आहे.' मग पोतं, हलणारी डाळ, घासलेट, ओला कोपरा. 'रुपराव हे प्राचार्यांचे मेहुणे आहेत.' हे वाक्य लिहिताना मला कळलं की हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शेवटी सही, पूर्ण नाव, पत्ता.

पंचफुलाने ते वाचलं आणि परत दिलं. चांगलं म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. आत जाऊन तिने पत्र्याच्या पेटीतून दोऱ्याने बांधलेल्या सतरा पुड्या आणल्या. "ह्या संगं जोडा. पुरावा आहे." काटोल ते नागपूर त्या पुड्या माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होत्या, आणि गाडी खड्ड्यात गेली की आत काहीतरी खुळखुळायचं.

१७ डिसेंबर, सोमवार

पत्र रजिस्टर्ड टपालाने पाठवलं. मनोहररावांना सांगितलं की तुम्हाला हवा तो परिच्छेद मी लिहिणार नाही. ते हसतच म्हणाले, "विचार करा बाई." मी विचार करून आलेय असं म्हणायला हवं होतं. तशीच निघून आले.

२१ जानेवारी १९७४, सोमवार

पाच आठवडे काहीच झालं नाही. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. आज साडेअकराला खात्याचे दोन साहेब न सांगता आले आणि थेट मेसमध्ये गेले. मला बोलावलं. साहेबांनी विचारलं, "हे पत्र तुमचंच?" मी हो म्हटलं. मग त्यांनी वर्गात जाऊन विचारलं, यातलं खरं काय. पुन्हा सगळ्यांच्या माना खाली. मला परत तोच तिटकारा वाटायला लागला होता. तेवढ्यात देवकी उठली. "मी पाच दिवस भरती होती साहेब," एवढंच म्हणाली. मग दुसरी उठली, तिसरी उठली. सगळ्या उठल्या असं नाही. एकोणीस जणी उठल्या, मी मोजल्या.

रुपरावांकडून मेस काढून घेतली. पंचफुलाचं नाव पुन्हा पटावर घ्या, असा साहेबांचा हुकूम आहे. मनोहरराव जागच्या जागीच आहेत. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मला मात्र संध्याकाळी लिफाफा मिळाला: तीस एप्रिलनंतर सेवेची आवश्यकता नाही.

आईला वाचून दाखवला. "बरं झालं," ती म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. बराच वेळ चिरत होती. भाजी तर थोडीच होती.

४ फेब्रुवारी, सोमवार

पंचफुला आज वर्गात आली. देवराव स्वतः सोडून गेला, फाटकातूनच. माझ्याकडे पाहिलं नाही त्याने.

ती मागच्या बाकावर बसली. मी विषय दिला, 'मी पाहिलेले एक काम'. तिने पाऊण तास मान वर केली नाही. इतकं सलग लिहिताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मधे एकदा थांबून तिने काहीतरी खोडलं, पुढे लिहिलं, पान उलटलं. मला तिच्या बाकापर्यंत जाऊन वाचायची फार इच्छा झाली. गेले नाही.

घंटा झाली. मुली एकेक करून टेबलावर वह्या ठेवून गेल्या. ती टेबलापाशी आली तेव्हा वही तिच्या हातात होती, छातीशी धरलेली.

"वही?" मी विचारलं.

"माझी मी तपासली बाई," ती म्हणाली. उर्मटपणे नाही. सरळ सांगितलं.

"बरं," मी म्हटलं.

ती गेली. मी टेबलावरच्या चव्वेचाळीस वह्या उचलल्या आणि घरी आणल्या.